जनुक चाचणीत बीआरसीए२ चा 'व्हीयूएस' आलाय, आता नेमकं काय करायचं?

मृण्मयी_लिहितेय

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय नाजूक आहे, सांभाळून घ्या.

माझ्या आत्याला ४३ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं पार पडून आज ती बरी आहे. तिची आई, म्हणजे माझी आजी, पन्नाशीच्या आतच गेली. घरात 'पोटाचा कॅन्सर' एवढंच बोललं जातं. कुठल्या अवयवाचा, ते कुणालाच धड सांगता येत नाही. आईकडच्या बाजूला असं काहीच नाही. मी ३४ वर्षांची, मला काहीही त्रास नाही.

आईकडे नाही म्हणून मी निर्धास्त होते. एका डॉक्टरांनीही "आईला, मावशीला किंवा बहिणीला आहे का?" एवढंच विचारलं आणि नाही म्हटल्यावर विषय संपवला. शेवटी मीच पॅनेल चाचणी, म्हणजे अनेक जनुकं एकदम तपासणारी चाचणी, करून घेतली. रिपोर्टात लिहिलंय : बीआरसीए२ (हे जनुक बिघडलं की स्तन-अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो म्हणे), मिससेन्स बदल, व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स (व्हीयूएस), म्हणजे अर्थ अनिश्चित असलेला बदल. बाकी जनुकांत काही नाही.

ताई म्हणते, बीआरसीए म्हणजे ज्यापायी त्या नटी अँजेलिना जोलीने स्तन काढून टाकले तेच ना, मग तूही दोन्ही स्तन काढून टाक आणि मोकळी हो. नवरा म्हणतो, अनसर्टन म्हणजे काहीच नाही, फाइल कपाटात टाक. दोघंही सारख्याच ठामपणे बोलतात आणि मी मध्ये लटकलेय. या रिपोर्टचं करायचं तरी काय? आणि ताईनेही चाचणी करावी का?

टिंबटिंब

ऑपरेशनची घाई अजिबात नको. व्हीयूएसवर कुणी शहाणा सर्जन सुरी उचलणार नाही. जाणकार येऊन सविस्तर लिहितीलच.

सूक्ष्मदर्शी

मी जनुक चाचण्यांच्या प्रयोगशाळेत रिपोर्ट वाचायचं काम करते, म्हणून थोडं लांबण लावते. उपचाराचा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, तेवढं धरून वाचा.

सापडलेला बदल पाच खणांपैकी एकात टाकला जातो : रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ही विभागणी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थांनी आखून दिली आणि आता बहुतेक सगळीकडे तीच चालते. 'बहुधा'चा अर्थही ढोबळ नाही, ९० टक्क्यांच्या वर खात्री असेल तरच तो शब्द वापरतात. मधला खण मात्र प्रचंड रुंद आहे. ज्याबद्दल पुरावा कमी आहे किंवा उलटसुलट आहे, ते सगळं तिथे जाऊन पडतं. म्हणजे तुमचा रिपोर्ट 'थोडा धोका' सांगत नाहीये. तो धोक्याबद्दल काहीच सांगत नाहीये. तुमचे यजमान 'काहीच नाही' म्हणतात ते त्यांच्या अर्थाने चूक आणि या अर्थाने बरोबर.

मिससेन्स म्हणजे डीएनएमधलं एक अक्षर बदललं आणि त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल बदललं. हा बदल एखाद्या बिनमहत्त्वाच्या जागी असेल तर प्रथिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. नेमका कामाच्या सांध्यावर असेल तर प्रथिन निकामी. नुसतं अक्षर बघून दोन्हीतला फरक कळत नाही. याउलट एकदोन अक्षरं गळाली की पुढचं सगळं वाचन सरकतं, मध्येच 'थांबा'ची खूण येते आणि प्रथिन अर्धवट तुटतं. असे बदल बीआरसीएमध्ये सहसा सरळ रोगकारक धरले जातात.

व्हीयूएसचा पुढे निकाल लागतो, तेव्हा त्यांतले बहुसंख्य निरुपद्रवी खणात जातात. म्हणून नियम असा : व्हीयूएस आहे या कारणासाठी ऑपरेशन नाही, औषध नाही, आणि नातेवाइकांची त्या बदलासाठी चाचणीही नाही. ताईने हा बदल शोधायला जाऊ नये. सापडला तरी ती तुमच्याच जागी येऊन लटकेल.

पण फाइल कपाटात टाकू नका. तुमच्या पोस्टमधली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ रिपोर्टची नाहीच, आत्या आणि आजीची आहे. बीआरसीए१ सतराव्या गुणसूत्रावर, बीआरसीए२ तेराव्या. दोन्ही लिंगनिश्चितीच्या गुणसूत्रांवर नाहीत, त्यामुळे बदल वडिलांकडूनही अगदी तितक्याच सहज येतो, ५० टक्के. वडील स्वतः आयुष्यभर ठणठणीत राहू शकतात आणि जनुक मुलीकडे पोचतं. 'मावशीला आहे का' विचारून आत्याचं न विचारणं म्हणजे अर्धंच घराणं तपासणं.

आणि चाचणीची सुरुवात तुमच्यापासून व्हायला नको होती. ज्या व्यक्तीला रोग झालाय तिची आधी करतात. आत्या आहेत, बऱ्या आहेत. त्यांची झाली का?

मृण्मयी_लिहितेय

नाही झाली. तिच्या वेळी कुणी विषयच काढला नव्हता. आणि आता तिला विचारायचं कसं हेच कळत नाहीये. ती त्या सगळ्यातून बाहेर आलीय, पुन्हा तेच काढायचं?

सूक्ष्मदर्शी, खूप आभार. नुसतं 'लटकलेय' हे बरोबर आहे असं कुणी सांगितलं तरी बरं वाटतं.

अवखळ

माझं मत वेगळं आहे. माझ्या मैत्रिणीला झाला, तिच्या घराण्यात कुणालाही नव्हता. आमच्या ऑफिसातल्या बाईंनाही तसंच. हे जनुकांचं भूत प्रयोगशाळांनी उभं केलंय. ज्याला व्हायचा त्याला होतो.

सूक्ष्मदर्शी

अवखळ, तुमच्या मैत्रिणीचं उदाहरण अपवाद नाही, तेच बहुसंख्य आहे. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच एखाद्या मोठ्या आनुवंशिक बदलामुळे होतात. बाकीच्यांत वय हाच सर्वांत मोठा धोका. शिवाय पाळी लवकर सुरू होणं, उशिरा जाणं, मूल नसणं किंवा उशिरा होणं, पाळी गेल्यानंतरचं वजन, दारू, स्तनांची घनता असे अनेक हात लागलेले असतात.

पण ९० जणींना जनुकामुळे झाला नाही, याने उरलेल्या दहाजणींचा प्रश्न सुटत नाही. त्या दहाजणींच्या घरी हा रोग तिशी-चाळिशीत येतो, दोन्ही स्तनांत येतो, त्यासोबत अंडाशयाचा येतो. आणि 'घराण्यात कुणालाही नव्हता' हेही जपून म्हणावं. ज्या घरी दोन पिढ्या मुलगेच झाले, तिथे बीआरसीए१ असूनही कागदावर काही दिसत नाही.

गणितज्ञ_मामा

मी डॉक्टर नाही, आकडेवारी शिकवतो. पत्नीच्या घरी बीआरसीए१ निघाला तेव्हा मूळ शोधनिबंध बसून वाचले होते. सगळीकडे '७२ टक्के' फिरतो, त्याबद्दल थोडं.

हा आकडा २०१७ मध्ये जामा या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासातला. सुमारे दहा हजार वाहक (म्हणजे बिघडलेलं जनुक असलेल्या) स्त्रिया, आधी नोंद करून मग पुढे वर्षानुवर्षं पाहिलेल्या. वयाच्या ८० पर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए१ मध्ये ७२ टक्के, बीआरसीए२ मध्ये ६९. अंडाशयाची अनुक्रमे ४४ आणि १७. त्याआधीचे काही अंदाज याहून मोठे होते, जोलीबाईंनी स्वतःच्या लेखात ८७ टक्के दिला होता. फरकाचं एक कारण म्हणजे जुने अभ्यास मुळात ज्या घरांत कर्करोगाची रांग लागली होती त्याच घरांवर झाले. जिथे आग लागली तिथेच मोजलं तर आग जास्तच दिसणार.

आता या ७२ मधलं 'वयाच्या ८० पर्यंत' हे शब्द लोक गाळतात. त्याच अभ्यासात वर्षागणिक धोकाही दिलाय. बीआरसीए१ मध्ये तो तिशी ते चाळिशीपर्यंत झपाट्याने चढतो, बीआरसीए२ मध्ये चाळिशी ते पन्नाशीपर्यंत, आणि मग ८० पर्यंत साधारण सपाट राहतो. हजार जणींमागे दर वर्षी २० ते ३०, म्हणजे वर्षाला दोन ते तीन टक्के. ३० वर्षांच्या वाहक मुलीपुढे पन्नास वर्षं पडलीत. ६५ वर्षांच्या, अजून काही न झालेल्या तिच्या मावशीपुढे पंधरा. दोघींचं जनुक एकच, पण मावशीला '७२ टक्के' सांगणं सपशेल चूक. तिने त्यातली बरीच वर्षं मागे टाकलीत.

शिवाय एकाच जनुकातही सगळ्या घरांचा धोका सारखा नाही. जवळच्या नात्यात जितक्या जणींना झालेला, तितका तो वर सरकतो. बदल जनुकाच्या कुठल्या भागात आहे यानेही फरक पडतो.

भोचक_भवानी

मामा, मग उरलेल्या २८ टक्क्यांना का होत नाही? जनुक तर जन्मापासून बिघडलेलं आहे ना?

सूक्ष्मदर्शी

कारण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. वाहक स्त्रीची एक प्रत बिघडलेली, दुसरी शाबूत. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते बिनचूक सांधायचं काम या बीआरसीए प्रथिनांचं, आणि ते एका शाबूत प्रतीवर भागतं. स्तनातल्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही गेली की मग त्या पेशीत चुका साचायला लागतात. ही दुसरी चूक आयुष्यात कधी होईल, होईल की नाही, यात योगायोगाचा मोठा वाटा आहे. वारशाने कर्करोग येत नाही, त्याची अर्धी वाट चालून झालेली असते.

याच दुबळेपणावर पार्प (डीएनए सांधायला मदत करणारं आणखी एक प्रथिन) रोखणारी औषधं बेतली आहेत. सांधायचा एक मार्ग कर्करोगाच्या पेशीत आधीच बंद असतो, औषध दुसरा बंद करतं. पेशी मरते, शेजारची निरोगी पेशी तग धरते. २००५ मध्ये प्रयोगशाळेत हे दिसलं आणि ओलापारिब २०१४ मध्ये अंडाशयाच्या, २०१८ मध्ये स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालं.

चेक२_वाली

सगळे बीआरसीएवरच बोलताहेत म्हणून आमच्या दुय्यम रांगेतून हात वर करते.

मला चेक२ जनुकाचा रोगकारक बदल आहे. एटीएम आणि चेक२ ही 'मध्यम धोक्या'ची जनुकं, आयुष्यभराचा धोका ढोबळमानाने २० ते ३० टक्के. पाल्ब२ मात्र बीआरसीएच्या मांडीला मांडी लावून बसतं, ८० पर्यंत सुमारे ५३ टक्के. रिपोर्टात 'पॉझिटिव्ह' हा शब्द सगळ्यांना सारख्याच ठळक अक्षरात येतो, त्यामुळे मीही पहिल्यांदा गर्भगळीत झाले होते.

मला कुणीतरी अंडाशयं काढायला सांगितलं होतं. माझ्या जेनेटिक काउन्सेलरने ते ताबडतोब थांबवलं, कारण चेक२ ने अंडाशयाचा धोका वाढल्याचं दिसत नाही. बीआरसीएचा सल्ला सरसकट सगळ्या जनुकांना चिकटवू नका. आणि दुसरी गोष्ट, माझ्या बहिणीत हा बदल सापडला नाही म्हणून ती पार्टी करायच्या बेतात होती. बीआरसीएच्या घरात असं 'निगेटिव्ह' आलं तर धोका बराचसा चारचौघींसारखा होतो. चेक२ च्या घरात तसं म्हणता येत नाही. आईला आणि मावशीला झालाय तो एकट्या चेक२ मुळे नसणार, बरोबर आणखी बारीकसारीक घटक असणार, आणि ते बहिणीकडे आलेले असू शकतात. तिची तपासणी घराण्याच्या इतिहासाप्रमाणे चालूच आहे.

सूक्ष्मदर्शी

+१, आणि ही चूक डॉक्टरमंडळींकडूनही होते.

'बारीकसारीक घटक' म्हणजे काय ते सांगते. शेकडो ठिकाणी एकेक अक्षराचे फरक आहेत, जे लाखो लोकांत असतात. एकट्याने धोका जेमतेम हलतो. २०१९ मध्ये असे ३१३ फरक एकत्र मोजून एक गुणांक तयार झाला, त्याने कमी धोक्याच्या आणि जास्त धोक्याच्या बायकांत बऱ्यापैकी फरक करता येतो. बीआरसीएवाल्या स्त्रियांतही कुणाला लवकर, कुणाला कधीच नाही, याचा काही भाग यात दडलाय. मेख अशी की हा गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या माहितीवर बसवलेला आहे. बाकीच्यांना तो तसाच लावला तर आकडा फसवा येऊ शकतो.

व्हीयूएसचंही तेच. ज्या समाजाच्या चाचण्या कमी झाल्या, तिथल्या स्त्रियांच्या रिपोर्टात 'अनिश्चित' जास्त वेळा येतं. त्यांचं जनुक जास्त विचित्र नसतं, आमच्याकडे ताडून बघायला त्यांच्यासारखे लोक कमी असतात.

इतिहासवेडा

थोडं अवांतर, पण व्हीयूएसशी थेट संबंध आहे.

स्तनाचा कर्करोग एका जनुकामुळे घराण्यात येऊ शकतो हे सत्तर-ऐंशीच्या दशकात फार जणांना पटत नव्हतं. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये बीआरसीए१ सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. मग शर्यत लागली. १९९४ मध्ये जनुक प्रत्यक्ष हाती लागलं, बीआरसीए२ त्याच्या पुढच्या वर्षी. अमेरिकेत मिरियड जेनेटिक्स या कंपनीकडे दोन्हींची पेटंटं होती, त्यामुळे तिथे जवळपास सगळ्या चाचण्या त्यांच्याकडेच जात. १३ जून २०१३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शरीरात निसर्गतः असलेल्या डीएनएवर पेटंट घेता येणार नाही. जोलीबाईंचा लेख त्याच्या आदल्याच महिन्यातला.

पेटंट गेलं तरी कंपनीने वर्षानुवर्षं जमवलेली 'कुठला बदल वाईट, कुठला निरुपद्रवी' ही वही तिच्याकडेच राहिली. बाकीच्या प्रयोगशाळांना शून्यातून सुरुवात करावी लागली. क्लिनव्हार हा सार्वजनिक साठा त्याच सुमारास उभा राहिला. जगभरच्या प्रयोगशाळा आपापले निकाल त्यात टाकतात. मृण्मयी, तुमचा बदल तिथे कुणी आधी पाहिलाय का ते शोधता येतं.

सूक्ष्मदर्शी

इतिहासवेडा, बरं केलंत हा धागा जोडलात. त्याला ताजी शेपटी जोडते. प्रयोगशाळेतल्या पेशींत एकेक अक्षर मुद्दाम बदलून पेशी जगते का मरते हे बघायचं, अशी पद्धत आता हाताशी आहे. २०१८ मध्ये बीआरसीए१ च्या जवळपास चार हजार बदलांचा असा फडशा पाडला. २०२५ च्या सुरुवातीला बीआरसीए२ च्या डीएनएला धरणाऱ्या भागातल्या जवळपास सात हजार बदलांचा निकाल प्रसिद्ध झाला. मृण्मयी, तुमचा बदल त्या भागात येत असेल आणि रिपोर्ट त्याआधीचा असेल, तर प्रयोगशाळेला पुन्हा तपासून द्यायला सांगा. कुणी आपणहून फोन करेल याची वाट बघू नका, पुष्कळ ठिकाणी तशी व्यवस्थाच नाही.

नीरजा_ब

मी बीआरसीए१ वाहक. ताईंच्या 'काढून टाक आणि मोकळी हो' या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी आधी बरीच वर्षं नजर ठेवण्याचा मार्ग धरला. साधारण पंचविशीपासून वर्षातून एकदा एमआरआय, तिशीनंतर त्याच्या जोडीला मॅमोग्राफी. आमच्याकडे दोन्ही सहा-सहा महिन्यांच्या अंतराने करतात, म्हणजे मधली फट लहान राहते. स्तनाचा एमआरआय पालथं झोपून होतो. पलंगाला दोन खळगे असतात, त्यात स्तन सोडायचे, कपाळ एका कडीवर टेकवायचं, हात डोक्याच्या पुढे. दंडात सुई आधीच लावलेली असते, मध्येच त्यातून गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारं औषध सोडतात, तेव्हा नसेतून गार काहीतरी चढत गेल्यासारखं वाटतं. आणि तो धाडधाड आवाज. हलायचं नाही. पाळी चालू असलेल्यांनी तारीख पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात घ्यावी, नाहीतर संप्रेरकांमुळे ऊती उजळ दिसते आणि उगाच बायोप्सीची वेळ येते. माझ्यावर ती आलीय. निष्पन्न काही झालं नाही, पण निकाल येईपर्यंतचा आठवडा विचारू नका.

नजर ठेवल्याने रोग टळत नाही, लवकर सापडतो. हा फरक मी स्वतःला रोज सांगत असे. शेवटी दोन्ही स्तन काढले. धोका ९० टक्क्यांहून जास्त उतरतो, शून्य होत नाही, कारण काखेकडे, कातडीखाली थोडी ऊती राहतेच. पुनर्रचना उत्तम झाली, कपड्यांत कुणाला कळत नाही. पण छातीवर स्पर्श कळत नाही. मुलगी मिठी मारते तेव्हा दाब कळतो, तिच्या गालाची ऊब नाही कळत. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मला निर्णयाचा पश्चात्ताप नाही. पण 'मोकळी हो' हा शब्द या ऑपरेशनला लावू नका.

खरं सांगायचं तर बीआरसीए१ मध्ये स्तनापेक्षा अंडाशयाने मला जास्त घाबरवलं होतं. तिथे भरवशाची तपासणीच नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्ततपासणीवर विसंबून लोक फसलेत. म्हणून बीआरसीए१ मध्ये मुलं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशयं आणि बीजवाहिन्या काढायला सुचवतात, बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं. बीजवाहिन्या का, तर यातले बरेच कर्करोग मुळात बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतात. त्यानंतर एका रात्रीत पाळी जाते. घाम, झोपेचं खोबरं, हाडांची काळजी, सगळं एकदम. संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल आधीच बोलून घ्या, नंतर नाही.

टिंबटिंब

नीरजा, हे इतकं मोकळेपणी लिहिल्याबद्दल दंडवत.

नीलकंठ

पुरुष सभासदाचा प्रश्न चालेल ना? माझ्या बहिणीला बीआरसीए२ चा रोगकारक बदल निघालाय. मला दोन मुली. मी चाचणी केली नाही, 'पुरुषांना काय त्याचं' म्हणून.

सूक्ष्मदर्शी

नीलकंठजी, चाचणी करा. एक तर मुलींसाठी. तुमच्यात नसेल तर तुमच्याकडून त्यांना येणारच नाही, प्रश्न तिथेच मिटतो. दुसरं तुमच्यासाठी. बीआरसीए२ वाहक पुरुषांना स्तनाचा कर्करोग होतो, शंभरात मोजक्यांनाच, पण इतर पुरुषांच्या मानाने पुष्कळ जास्त. त्याहून मोठी गोष्ट प्रोस्टेट. तो लवकर आणि जास्त आक्रमक असू शकतो, म्हणून चाळिशीपासून पीएसए ही रक्ततपासणी करायला सांगतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. बहिणीचा रिपोर्ट बरोबर न्या, नेमका तोच बदल शोधायचा असतो.

भोचक_भवानी

ते घरी थुंकी भरून पाठवायचं किट मी केलंय. 'बीआरसीए बदल आढळला नाही' असं आलं. म्हणजे सुटले ना?

सूक्ष्मदर्शी

नाही हो. यांतली बरीच किटं जनुक अथपासून इतिपर्यंत वाचत नाहीत, ठरावीक जागा तेवढ्या तपासतात. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं किट तीनच बदल बघत होतं, तेही मुख्यतः अश्केनाझी ज्यू वंशात आढळणारे. त्या समाजात साधारण ४० पैकी एकाकडे या तिघांपैकी एक असतो. बीआरसीएमध्ये रोगकारक बदल हजारो आहेत.

उलटही होतं. अशा किटची कच्ची फाइल एखाद्या संकेतस्थळावर चढवली आणि त्याने 'बीआरसीए१ रोगकारक' सांगितलं, तर ते खोटं असण्याचीच शक्यता जास्त. दुर्मिळ बदलांच्या बाबतीत या किटांतल्या चिपा फार चुकतात. रीतसर चाचणीने खात्री झाल्याशिवाय कुठलाही निर्णय नाही.

मृण्मयी_लिहितेय

आत्याशी बोलले. नीरजाची पोस्टही तिला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं आणि जुनी फाइल काढली. गाठीच्या रिपोर्टात तिन्ही रिसेप्टर (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, हर२) निगेटिव्ह लिहिलंय. आजीच्या कागदांत एकच चिठ्ठी सापडली, तिच्यावर 'अंडाशयाची गाठ, पोटात पाणी'.

चाचणीबद्दल म्हणाली, "तुझ्यासाठी करायची असेल तर करते, माझं आता काय राहिलंय." तेच मला टोचतंय. तिला नको असताना माझ्यासाठी करायला लावू का? आणि केलीच तर माझा बीआरसीए२ चा बदल तिच्यात आहे का एवढंच बघायचं ना? ती चाचणी लहान असते म्हणे.

सूक्ष्मदर्शी

आधी दुसरा प्रश्न. नाही, एवढंच बघायचं नाही. आत्यांची पूर्ण पॅनेल चाचणी करायची, जनुकांचे मोठे तुकडे गळालेत किंवा दुप्पट झालेत का तेही धरून. कारण ४३ व्या वर्षी तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह गाठ आणि आईला अंडाशयाची, हे चित्र बीआरसीए१ कडे बोट दाखवतं. बीआरसीए२ च्या गाठी बहुतेक वेळा इस्ट्रोजेन पॉझिटिव्ह असतात. बीआरसीए१ चा बदल आत्यांत असेल आणि तुमच्या वडिलांकडे, पर्यायाने तुमच्याकडे आला नसेल, हे अगदी शक्य आहे. तसं निघालं तर तुमच्या रिपोर्टातलं 'बाकी काही नाही' एकदम भक्कम होतं. आज ते तसं नाही. घरात नेमकं काय फिरतंय हेच माहीत नसताना तुमच्यात काही न सापडणं हा अर्धवट दिलासा आहे.

आणि तुमचा व्हीयूएस आत्यांतही सापडला तर घाबरून जाऊ नका. आत्या आणि भाची यांचा चतुर्थांश वारसा सामाईकच असतो, एका घरी सापडल्याने तो दोषी ठरत नाही.

'माझं काय राहिलंय' यावर : त्यांचं बरंच राहिलंय. बीआरसीए१ असेल तर दुसऱ्या स्तनात वीस वर्षांत नवा कर्करोग होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास, शिवाय त्यांच्या आईचं जे झालं ते त्यांचंही होऊ शकतं, त्यांची अंडाशयं अजून असतील तर. हे त्यांना त्यांच्या स्वतःसाठी कळायला हवं. कळल्यावरही त्या नको म्हणाल्या तर तो त्यांचा हक्क, तिथे थांबायचं.

तुम्ही मध्यंतरी हातावर हात ठेवून बसू नका. काउन्सेलर कॅनरिस्कसारखं साधन वापरून घराण्यावरून तुमचा आयुष्यभराचा धोका काढतील. तो २० टक्क्यांच्या वर गेला तर बऱ्याच ठिकाणी व्हीयूएस बाजूला ठेवूनही एमआरआय सुचवतात.

नीरजा_ब

मृण्मयी, आत्याबरोबर काउन्सेलरकडे तूही जा. आणि आत्याला आधी बोलू दे.

नीलकंठ

रक्त देऊन आलो. धाकटी १४ वर्षांची आहे, थोरली १९. माझं पॉझिटिव्ह आलं तर दोघींची लगेच करायची का?

सूक्ष्मदर्शी

धाकटीची नाही. बीआरसीएसाठी सज्ञान होण्याआधी चाचणी करत नाहीत, कारण त्या वयात करण्यासारखं काहीच नसतं आणि तिचा निर्णय तुम्ही घेऊन टाकलेला असतो. थोरलीला सांगा, समजावा, वेळ द्या. तपासण्या पंचविशीच्या आसपास सुरू होतात, तोवर तिने ठरवलं तरी चालतं. लहानपणीच चाचणी करतात ती टीपी५३ या वेगळ्या जनुकात बदल असलेल्या घरांत, तिथे मुलांनाही कर्करोग होतात. तुमच्याकडे ते प्रकरण नाही.